इकडचा काना तिकडे

सकाळी हात जोडले की पहिलं तास पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा चिमीच्या आईचा नेम होता. नांगराचा फाळ एका बांधाशी मातीत शिरून दुसऱ्या बांधाशी बाहेर पडेपर्यंत ती मुकी. बैलांनाही तेवढ्या वेळात ती नुसता कासरा हलवून सांगायची. हा नेम तिला कुणी घालून दिला नव्हता. नवरा कडब्याच्या गंजीवरून पडला, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिने पहिल्यांदा नांगर धरला, तेव्हा भीतीने तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. ते तास पुरं झाल्यावरच सुटले. पण तेवढ्या वेळात आत देवाचं नाव चालू राहिलं होतं, आणि ते तिला इतकं गोड लागलं की तिने तोच नेम करून टाकला.

घरात तो सगळ्यांना ठाऊक होता. चिमी म्हणायची, "आमच्या शाळेतही पहिल्या तासाला बोलू देत नाहीत. आई, तुझं तास आणि आमचा तास सारखाच."

"सारखा कसा?" तिचे बाबा म्हणायचे. "तुमचा तास घंटा वाजली की संपतो. तिचं तास बांध आला की संपतं."

यंदा कालव्याला पाणी एकदाच सुटलं. रान भिजलं, चार दिवस नुसता चिखल राहिला आणि मग वाफसा आला. मुठीत दाबली तर माती गोळा व्हावी आणि खाली टाकली तर भुसभुशीत फुटावी, अशी. हा वाफसा आठ दिवस टिकला तर डोक्यावरून पाणी. पुढे जमीन अशी आवळून बसते की फाळ वरच्या वर सरकतो आणि बैलांच्या माना सोलून निघतात. नांगरट राहिली तर पेरणी राहिली. त्याच्या पुढचं घरात कुणी बोलत नसे.

कामाला एक नांगर, दोन बैल आणि चिमीची आई. बैलांतल्या एकाला थोरला म्हणत, दुसऱ्याला भित्रा. भित्रा नावाप्रमाणे होता. पानसुद्धा हललं की कान टवकारायचा.

नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला होता. वर्षभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिले काही दिवस तो खाटेवर पडून आढ्याकडे बघत राहिला. मग एका दुपारी चिमीची आई रानातून आली तर हा भिंतीला टेकून उभा, आणि चुलीवरच्या डाळीकडे वरून बघतोय. वाकता येत नाही, ढवळणार कसा? दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या सुताराला बोलावलं, परसातल्या पडक्या विटा आणल्या आणि दोघांनी मिळून चूल कमरेइतकी उंच केली.

सुतार घाम पुसत म्हणाला, "वहिनी, चूल पाहिली उभ्या माणसाची. आता बसून नांगरायचा नांगर करून देऊ का?"

"भाऊजी, ते राहू द्या. आधी हे रुमणं बघा. हातात मावत नाही माझ्या."

नांगराचं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, नवऱ्याच्या हाताच्या मापाचं होतं. तिची बोटं त्याला पुरती वळसा घालायची नाहीत, म्हणून दगड लागला की मूठ निसटायची आणि नांगर आडवा व्हायचा. तळहाताला दोनदा फोड येऊन फुटले होते. सुताराने रुमणं मांडीवर आडवं घेतलं, तिची मूठ त्यावर ठेवून बघितली आणि रंध्याने पातळ-पातळ साली काढत ते बारीक केलं. आपल्या हाताची खूण लाकडावरून उतरताना नवरा खाटेवरून बघत होता. रुमणं तयार झाल्यावर त्यानेच तेल मागून घेतलं आणि चिंधीने ते चोळून दिलं.

अशी घडी बसली होती. डाळ आधी करपायची, मग कच्ची राहायची, आणि हल्ली तर नवरा तिला चव घ्यायला लावून तोंडाकडे बघत उभा राहायचा.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"नुसतं बरोबर?"

"अहो, छान झालीय. आता वाढा."

वाफशाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, तेव्हा मधल्या सुट्टीत घरी आलेली चिमी दप्तर न काढता दारातच बसली होती. डोळे सुजलेले, नाक लाल.

"कुणी मारलं?"

चिमीने मान हलवली.

"पडलीस?"

"मी उद्यापासून शाळेत जाणार नाही."

नवरा आतून म्हणाला, "तासभर झाला, हेच चाललंय. बघ तुला तरी सांगते का."

चिमीने दप्तरातून पुस्तक काढून पुढे टाकलं. आईला वाचता येत नव्हतं, पण चित्र दिसत होतं. पागोटं बांधलेला एक माणूस नांगर धरून उभा, छाती पुढे काढलेली. बैल इतके धष्टपुष्ट की त्यांना कधी दुष्काळ माहीतच नसावा. त्याच्या खाली एक बाई चुलीपुढे बसलेली, डोक्यावर पदर, हातात पळी. त्याच्या खाली चेंडू घेतलेला मुलगा आणि केरसुणी घेतलेली मुलगी. प्रत्येक चित्राशेजारी एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला रिकामी जागा.

"कोण काय करतं ते भरायचं होतं," चिमी हुंदके देत म्हणाली. "पेन्सिलीने. वर्षाच्या शेवटी खोडून पुस्तक परत द्यायचं असतं. पहिलं होतं, गाळलेली जागा, नांगर चालवतो. मी आई लिहिलं."

"बरोबर लिहिलंस की."

"पुढे *चालवतो* छापलंय! बाईंनी मला उभं राहून वाचायला सांगितलं. मी वाचलं, आई नांगर चालवतो. सगळे हसले. बाई म्हणाल्या, चित्र बघ, तिथे शेतकरी येतं. मग दुसरं वाच म्हणाल्या. तिथे गाळलेली जागा, स्वयंपाक करते. मी बाबा लिहिलं होतं."

नवऱ्याच्या तोंडून हसू फुटलं. "बाबा स्वयंपाक करते!"

"तुम्हीपण हसा!" चिमी ओरडली. "सगळे वाटभर म्हणत होते. आई चालवतो, बाबा करते. आई चालवतो, बाबा करते."

नवऱ्याचं हसू हळूहळू विरलं. तो चुलीकडे वळला आणि उतू न जाणाऱ्या डाळीवरचं झाकण उगीच काढून परत ठेवलं.

चिमीच्या आईने मुलीचं नाक आपल्या पदराने पुसलं. पदराला माती होती, ती नाकाला लागली.

"आई, एक ऐकशील?"

"बोल."

"शाळा भरताना आणि सुटताना तू नांगरू नकोस ना. रस्त्यावरून सगळ्यांना दिसतं."

रान रस्त्याला लागून होतं. लपायला जागा म्हणजे एक चिंचेचं झाड आणि त्यामागचा उंच बांध. चिमीच्या आईने मुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

बरं म्हणायला काय लागतं? पण सकाळी शाळेला जाणारी पोरं दिसली की बैल सोडायचे, बांधाआड न्यायचे, तिथे मुकाट बसायचं. दुपारी मधल्या सुट्टीला पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. उन्हं कलती झाली की बैलांच्या अंगात खरा जोर यायचा, आणि नेमक्या त्याच वेळी ती चिंचेखाली बसून त्यांच्या पाठीवरच्या माश्या हाकलत असायची. रस्त्याकडची पट्टी तर तिने शिवलीच नाही. आधी आतलं उरकू, ती शेवटी करू, असं मनाशी म्हणत राहिली.

पाचव्या दिवशी सुतार खांद्यावर करवत टाकून जाताना तिला तिथे बघून थांबला.

"वहिनी, बैल दमले की तुम्ही?"

"बैल."

सुताराने बैलांकडे बघितलं. थोरला निवांत रवंथ करत होता. "दमलेत खरे," तो म्हणाला आणि निघून गेला.

सहाव्या दिवशी तिने रस्त्याकडच्या पट्टीत पायाचा अंगठा रोवून बघितला. नखापुरती माती दबली, पुढे कठीण. रात्री जेवताना तिने एवढंच म्हटलं, "कड आवळायला लागली." नवऱ्याने घास हातात धरून ठेवला. चिमी पानाकडे बघत राहिली.

सातव्या दिवशी पहाटे अंघोळ करून, हात जोडून ती गोठ्यात गेली तर दावणी मोकळ्या. नांगरही नाही.

ती पळतच निघाली. रानाशी पोचली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. रस्त्याकडच्या पट्टीत नवरा नांगर धरून चालला होता. कमरेला तिची जुनी साडी घट्ट आवळून बांधलेली. त्याच्या मागे ओल्या काळ्या मातीची एक रेघ, दोरी लावल्यासारखी सरळ. इतकं सरळ तास तिला अजून जमलं नव्हतं. क्षणभर तिला बरंच वाटलं. नवरा पुन्हा रानात उभा दिसला, एवढ्यानेच.

मग तो बांधाशी पोचला. इथे नांगर उचलून फिरवावा लागतो. त्याने रुमणं वर घेतलं, आणि पाठीतून कुणी दोरी ओढावी तसा वाकडा होऊन गुडघ्यांवर आला. रुमणं सुटलं. भित्रा बुजला आणि मागे सरकला, नांगर त्याच्या पायांकडे घसरत निघाला.

"होऽऽ! होऽऽ!"

आपलाच आवाज आहे हे तिला नंतर कळलं. बैल जागच्या जागी थांबले. ती धावत जाऊन जुवाला लटकली, भित्र्याच्या नाकावर हात फिरवला आणि मग नवऱ्यापाशी बसली. तो तासात आडवा झाला होता. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम.

"नेम मोडलास," तो दातांवर दात ठेवून म्हणाला.

"मी बैलांशी बोलले. देव समजून घेईल. अहो, काय केलंत हे?"

"पोरगी मान खाली घालून घरात शिरते. तू बांधाआड लपून बसतेस. आणि मी पळी हलवत उभा."

"मग तुम्ही नांगर धरला की तिचं उत्तर बरोबर येणार होतं?"

तो आकाशाकडे बघत म्हणाला, "आलं असतं की."

"पुस्तकासाठी पाठ मोडून घ्यायची?"

तिने त्याच्या डोळ्यांच्या कडेला आलेलं पाणी बोटाने टिपलं, कारण त्याला हात उचलणं होत नव्हतं. मग धावत जाऊन सुताराला बोलावून आणलं. दोघांनी त्याला फळीवर घेऊन घरी आणलं. दारात चिमी उभी होती. फळी आत गेली तरी ती तशीच दाराला चिकटून उभी राहिली.

"मी काही केलं का?" तिने विचारलं.

"नाही गं बाळा," आई म्हणाली. "पाणी तापत ठेव. बाबांची पाठ शेकायचीय."

त्या दिवशी चिमी शाळेत गेली नाही. वैद्य येऊन गेले, मणका जिथल्या तिथे आहे, पण आता महिनाभर चुलीलाही शिवू नका म्हणाले. दुपार व्हायला आली तेव्हा चिमीची आई परत रानात गेली. रस्त्यावर मधल्या सुट्टीतली पोरं दिसत होती. तिने चिंचेकडे बघितलं, मग रस्त्याकडच्या पट्टीकडे. ऊन डोक्यावर, आणि हातात फार तर दीड दिवस. तिने फाळ मातीत घातला.

"आई चालवतोऽ! आई चालवतोऽ!"

ती चालत राहिली. कड कठीण होती, नांगर उड्या मारत होता. दोन्ही हातांनी दाबून धरताना खांदे उखळीतून निघतात की काय असं वाटत होतं. पण बारीक केलेलं रुमणं मुठीतून निसटलं नाही. तास संपवून तिने मान वर केली तेव्हा पोरं पांगली होती आणि बांधावर शाळेतल्या बाई उभ्या होत्या. एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात चपला.

"चिमी आज आली नाही, म्हणून विचारायला घरी निघाले होते," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर पोरांचा ओरडा ऐकला."

"तिचे बाबा पडलेत पुन्हा. उद्या पाठवते."

बाई ओल्या तासाकडे बघत होत्या. "तुम्ही नांगरता, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं तिचं व्याकरण चुकलं."

"व्याकरण मला कळत नाही, बाई. चुकलंही असेल. पण खोटं नाही लिहिलं तिने."

"खोटं नाही." बाईंचा आवाज खाली गेला. "ते वाक्यच तसं छापलंय. *चालवतो*. त्यात आई बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?" चिमीच्या आईने घाम पुसला. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "हे रुमणं माझ्या हातात बसत नव्हतं. सुतारभाऊजींनी तासून दिलं. यांना वाकता येईना, तर चूल वर उचलली. लाकूड ऐकतं, वीट ऐकते. अक्षर तासता येत नाही का?"

बाईंनी चपला खाली ठेवल्या, एक काटकी उचलली आणि नांगरलेल्या मऊ मातीत एक अक्षर काढलं.

"हा तो. त नंतर ही उभी रेघ आहे ना, तिला काना म्हणतात. डोक्यावर ही मात्रा." त्यांनी बोटाने रेघ पुसली आणि मात्रा अलीकडे ओढली. "हा ते. चालवते."

चिमीच्या आईने वाकून बघितलं. "एवढंच? एक काठी?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. मग थोड्या ओशाळून म्हणाल्या, "अकरा वर्षं हा धडा शिकवतेय. घरून शाळेत स्कूटर चालवत येते आणि हा धडा शिकवते. कधी मनातच आलं नाही."

"रोजच्या वाटेवरचा दगड आहे, बाई. पाय आपोआप वळसा घालतो."

"चिमीला सांगा, तो काना खोड म्हणावं. पण पान फाटू देऊ नको. पुढच्या वर्षी ते पुस्तक दुसऱ्या मुलाला जाईल."

"छापलेलं अक्षर खोडलं तर ते परत कसं येईल?"

"नाही येणार," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. जाताना मातीतल्या अक्षरावर पाय पडणार नाही अशा बेताने गेल्या.

दिवेलागणीच्या आधी, उजेड होता तोवर, चिमी बाबांच्या खाटेशी पुस्तक घेऊन बसली. खोडरबराला जिभेचं टोक लावायचं आणि हलक्या हाताने घासायचं. शाई लवकर निघेना. पान पातळ होत चाललं. आई डाळ निवडता निवडता श्वास धरून बघत होती. शेवटी काना गेला. चिमीने पान वर धरलं तर तेवढ्या जागेतून दारातला उजेड आरपार दिसला. मग तिने पेन्सिलीला टोक करून त वर मात्रा दिली. गाळलेल्या जागेतलं बाईंनी लिहायला लावलेलं *शेतकरी* खोडून परत *आई* लिहिलं. दुसऱ्या ओळीतलं *बाबा* तसंच राहिलं होतं.

"काना टाकलास कुठे?" पालथ्या पडलेल्या बाबांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? खोडला."

"वाया कशाला घालवायचा? इकडे आण. पेन्सिल दे."

ते कोपरावर जेमतेम उठले. *स्वयंपाक करते* याच्या शेवटी त्यांनी एक उभी रेघ ओढली आणि मात्रा लांबवून तिच्या डोक्यावर नेली.

चिमीने वाचलं. "बाबा स्वयंपाक करतो. बाबा, *करतात* पाहिजे. मोठ्यांना मान देतात."

"तेवढी जागा नाही तिथे. आणि चुलीपुढे कसला मान? महिनाभर आता तुझी आई करपवणार आणि मी इथून मीठ सांगणार."

"मी नाही करपवत," चिमीची आई म्हणाली. तिने पुस्तक हातात घेतलं. दोन्ही ओळी तिला सारख्याच अनोळखी होत्या. पण बाबांनी काढलेली ती रेघ तिने ओळखली. सकाळी त्यांनी मारलेल्या तासासारखी ती सरळ होती.

आठव्या दिवशी पाठ शेकून देईपर्यंत तिला उशीर झाला. रस्त्याकडची पट्टी निम्मी राहिली होती. तिने हात जोडले, फाळ मातीत घातला आणि तोंड मिटलं. तास अर्ध्यावर आलं तोच शाळेला निघालेली पोरं रस्त्यावर दिसली. त्यांच्यात चिमी होती, सगळ्यांच्या मागे.

"आई चालवतोऽ! आई चालवतोऽ!"

तिने रुमणं आवळून धरलं. आज देवाला बैलांचं निमित्त सांगता आलं नसतं. थोरला खाली मान घालून ओढत होता, भित्र्याने कान टवकारले.

"चालवते!"

आवाज चिमीचा होता. चिरका, पण मोठा.

"चालवतो नाही. चा-ल-व-ते. तिथे काना नाही. चिडवायचं तर शुद्ध चिडवा!"

पोरं थबकली. मग कुणीतरी विचारलं, "काना कुठे गेला?"

"आमच्या बाबांकडे."

"काहीतरीच!"

"शाळेत चला, दाखवते. मागून उजेड दिसतो."

पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि घोळका पुढे सरकला. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणून बघत होतं, आई नांगर चालवते. धडा पाठ करताना म्हणतात तसं. चिमी त्यांच्या मधोमध चालत होती, तिने मागे वळून बघितलं नाही.

बांध आला. फाळ मातीतून वर निघाला आणि चिमीच्या आईचा नेम सुटला. सांगायचं पुष्कळ होतं. पण ऐकायला दोन बैलच होते, आणि त्यांना सगळं माहीत असल्यासारखं दिसत होतं.

"होऽ," एवढंच ती म्हणाली. नांगर उचलून फिरवला आणि दुसरं तास धरलं.